येतंय, पण येत नाही

"दादा, नेट येतंय, पण येत नाही."

२००६ च्या जुलैत विश्रामबागमधल्या एका दुमजली घरातून फोन आला, त्यातलं हे वाक्य. बोलणाऱ्या वहिनी त्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. मी दुकानात एका सीपीयूच्या पंख्यातली धूळ काढत होतो आणि ते वाक्य मी कानावरून जाऊ दिलं. गिऱ्हाईक वैतागलं की असं बोलतं, एवढंच मनात आलं. पुढच्या सोळा दिवसांत मी त्या घरी चार वेळा गेलो. चौथ्या खेपेला कळलं की त्या बिघाडाचं याहून नेमकं वर्णन मलाही जमलं नसतं.

माझं दुकान सांगली-मिरज रस्त्यावर होतं. आदल्या वर्षी कृष्णेला महापूर आला तेव्हा गावभागातून आलेले सीपीयू उघडले की आतून चिखल निघायचा. त्यातून सावरून लोक पुन्हा नवीन यंत्रं घेत होते आणि जुनं यंत्र चालत असेल तर ते घरातच दुसऱ्या खोलीत जायचं. असे एका घरात दोन कॉम्प्युटर होऊ लागले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, पण आमच्याकडच्या घरांत त्यानंतरची बरीच वर्षं नेट म्हणजे मोडेमची किरकिर आणि तासन् तास एंगेज लागणारा फोन. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट हा किमान वेग ठरवला आणि मग कुठे चोवीस तासांची लाइन घरांत यायला लागली. लाइन मात्र एक. कॉम्प्युटर दोन.

घरगुती राउटर तेव्हा बाजारात होते, पण दोन यंत्रांसाठी तेवढा खर्च करायला लोक तयार नसत. स्वस्तातली सोय विंडोजमध्येच होती. विंडोज ९८ ची दुसरी आवृत्ती १९९९ मध्ये आली, तिच्यापासून एका कॉम्प्युटरचं कनेक्शन दुसऱ्याला वाटून देता यायचं. खालच्या कॉम्प्युटरमध्ये दोन लॅन कार्डं बसवायची. एकाला मोडेम जोडायचा, दुसऱ्यातून निघालेली वायर वरच्या कॉम्प्युटरला. खालचं यंत्र स्वतःकडे १९२.१६८.०.१ हा पत्ता घेतं आणि वरच्याला त्याच मालिकेतला पुढचा एखादा पत्ता देतं. हे पत्ते घरातल्या घरात वापरायचे. जगभरच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची एकूण संख्याच सुमारे ४२९ कोटी, प्रत्येक यंत्राला त्यातला एक देणं परवडणारं नव्हतं, म्हणून १९९६ मध्ये काही मालिका अशा खाजगी वापरासाठी राखून ठेवल्या गेल्या. विश्रामबागेतल्या १९२.१६८.०.२ ला बाहेरचं जग ओळखत नाही. त्याचं पत्र खालचं यंत्र हातात घेतं, त्यावर आपला बाहेरचा पत्ता घालतं, कुणाचं होतं ते टिपून ठेवतं आणि उत्तर आलं की टिपण बघून वर पोचवतं. एकत्र कुटुंबात बाहेरचं सगळं येणं-जाणं एकाच माणसाच्या हातून व्हावं, तसं हे काम. मला ते तेव्हाही फार आवडायचं, आजही आवडतं.

हेच त्या घरात मी मे महिन्यात बसवून दिलं होतं. खाली सर आणि काकू. सर माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले, गणिताचे. त्यांचा विंडोज ९८ चा जुना कॉम्प्युटर फोनजवळ होता, म्हणून मोडेमही तिथेच. वर त्यांचा मुलगा आणि सून. मुलगा कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला. वहिनींनी मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचा कोर्स केला होता आणि पुण्याच्या एका संस्थेचं काम त्या घरून करायच्या. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बोलून ठेवलेल्या ध्वनिफिती उतरवून घ्यायच्या, ऐकून टंकायच्या, रिपोर्ट परत पाठवायचे. मोबदला ओळींवर. त्यांच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ नेट मोफत होतं आणि बाकीच्या वेळी मेगाबाइटवर पैसे. त्यामुळे वहिनी मुलीला झोपवून पहाटे तीनचा गजर लावायच्या. हे मला पहिल्या खेपेला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

पहिल्या खेपेला बिघाड लगेच सापडला. वरच्या कॉम्प्युटरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत होता. हा आकडा दिसला की समजायचं, या यंत्राने पत्ता मागितला, कुणी दिला नाही, शेवटी त्याने स्वतःच एक घेतला. म्हणजे खालपर्यंत हाक पोचत नाही. वायर जिन्याच्या खिडकीतून वर नेली होती आणि पावसात फुगलेली झडप कुणीतरी जोर लावून बंद केली होती. वायर दबून आतून तुटली होती. नवीन तुकडा घेतला आणि तिथेच जिन्यात बसून जॅक पंच केले. दोन कॉम्प्युटर मध्ये हब न ठेवता थेट जोडायचे तर क्रॉस केबल लागते. एका टोकाला पांढरा-नारिंगी आधी, दुसऱ्या टोकाला पांढरा-हिरवा आधी, म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जातं. पहिली तार तिसऱ्या जागी, दुसरी सहाव्या. रंग लावताना मी कधी बोलत नाही. दोन्ही कार्डांचे हिरवे दिवे लागले, पत्ता मिळाला, पिंगला, म्हणजे "आहेस का?" या हाकेला, उत्तर आलं. वहिनींनी एक पान उघडून पाहिलं, उघडलं. काकूंनी चहा दिला. मी पैसे घेऊन निघालो.

चार दिवसांनी पुन्हा फोन. "दादा, तसंच आहे. काही पानं येतात, काही नाहीत. पत्र जातं, फाइल जात नाही."

दुसऱ्या खेपेला मी सगळं पद्धतशीर तपासलं, निदान तेव्हा मला तसं वाटलं. वायर ठीक. पत्ता ठीक. खालच्या यंत्राला पिंग, उत्तर. बाहेरच्या पत्त्याला पिंग, उत्तर. नावावरून पत्ता शोधतंय का? शोधतंय. वरच्या एक्सपीवर सर्व्हिस पॅक दोन होता. २००४ पासून त्यात फायरवॉल आपोआप चालू असायची आणि घरातल्या दोन यंत्रांच्या बोलण्यात ती नेहमी मध्ये यायची. ती बंद करून पाहिली. फरक नाही. गूगल उघडायचं. बँकेचं पान अर्धवट पांढरं राहायचं, खालच्या पट्टीवर हिरवे ठोकळे दोन-तीन सरकायचे आणि थांबायचे. खाली सरांच्या कॉम्प्युटरवर तेच पान लगेच यायचं.

सर म्हणाले, "इथे सगळं उघडतं. तिच्याच मशीनमध्ये काहीतरी आहे. ती काहीबाही उतरवत असते रात्रीची."

हे त्यांनी वहिनींच्या समोर म्हटलं. वहिनी काही बोलल्या नाहीत. मुलगा म्हणाला, "फॉरमॅट मारून टाका ना, सगळं नवीन होईल."

आणि मी फॉरमॅट मारला.

याचं मला अजून वाईट वाटतं. आमच्या धंद्यात फॉरमॅट हा रामबाण समजला जायचा, आणि तो लागू पडायचाही, कारण बरेच बिघाड व्हायरसचे असायचे. पण इथे व्हायरसचं एकही लक्षण नव्हतं. मला कारण सापडलं नव्हतं आणि घरातली दोन माणसं एका बाजूने बोलत होती, म्हणून मी त्या बाजूला गेलो. फाइली काढून ठेवल्या होत्या. पण वहिनींनी टंकताना वापरायचे शेकडो छोटे शब्द एका सॉफ्टवेअरमध्ये साठवले होते. दोन अक्षरं दाबली की अख्खं औषधाचं नाव उमटावं, असे. ते कुठल्या फोल्डरमध्ये असतात ते मी विचारलं नाही आणि ते गेले. सहा महिन्यांचं काम होतं ते. वहिनींनी मला हे तीन दिवसांनी सांगितलं, तेही आवाज न चढवता. फॉरमॅटनंतर नेट जसंच्या तसं होतं, येतंय पण येत नाही.

तिसऱ्या खेपेला वहिनींनी माझ्यासमोर मुलीची एक दुरेघी वही ठेवली. मागच्या पानापासून त्यांनी तक्ता आखला होता. वेळ, काय केलं, काय झालं. मी तिथेच खुर्चीवर बसून ती वही वाचली. दोन रात्रींच्या नोंदी होत्या, चाळीसेक ओळी. एवढी काळजीपूर्वक लिहिलेली नोंद मी तोवर एखाद्या कंपनीच्या ऑफिसातही पाहिली नव्हती.

वही वाचता वाचता एक गोष्ट डोळ्यांत भरली. इथे एक नव्हे, दोन दुखणी होती. पहिल्यात सगळंच बंद पडायचं, तेही ठरावीक वेळी. सव्वाअकरा, एकदा अकरा वीस. पहाटे तीनला उठल्यावर बंदच. वहिनी मग दबक्या पावलांनी खाली जायच्या, कॉम्प्युटरची कळ दाबायच्या, वर येऊन काम करायच्या. वीस मिनिटांत पुन्हा बंद. पुन्हा खाली. त्या नोंदीसमोर त्यांनी लिहिलं होतं, "बाबा बंद करतात का?" आणि मग ते खोडलं होतं.

मी खाली गेलो. सर रोज अकराच्या सुमाराला बातम्या वाचून झोपायला जात. त्यांनी कॉम्प्युटर कधीच बंद केला नव्हता. सून रात्री काम करते म्हणून ते मुद्दाम चालू ठेवत होते, मॉनिटर तेवढा बंद करत. पण यंत्राच्या पॉवरच्या सेटिंगमध्ये वीस मिनिटं हात लागला नाही की स्टँडबायमध्ये जायचं असं ठरवलेलं होतं. ते मी मे महिन्यात पाहायला हवं होतं. वरून कुणी नेट वापरतंय, याला ते यंत्र "हात लागणं" मानत नाही. त्याच्या कीबोर्डला, माउसला कुणी शिवलं तरच ते जागं. वाटून घेतलेल्या नेटचं हे मूळ दुखणं आहे, वरचा जागा असून उपयोग नाही, खालचा जागा हवा. लोडशेडिंगच्या वेळीही तेच. वहिनींकडे यूपीएस होता, खालच्या यंत्राला नव्हता, त्यामुळे वीज गेली की वर कॉम्प्युटर चालू आणि नेट बंद.

सेटिंग "कधीच नाही" वर ठेवलं. मग सरांना आणि वहिनींना एकत्र उभं करून सगळं समजावलं. सर बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे मी चालू ठेवत होतो आणि हे झोपत होतं." मग वहिनींकडे वळून, "तू पहाटे तीनला खाली येत होतीस? मला उठवायचंस की." तीन महिने एका जिन्याच्या दोन टोकांना ही दोन माणसं एकमेकांविषयी काहीतरी धरून होती. दोघांनीही ते बोलून दाखवलं नव्हतं. दुरुस्तीला गेलेल्या माणसाला असं काही दिसतं तेव्हा त्याने मान खाली घालून वायर गुंडाळावी, मी तेच केलं.

दुसरं दुखणं राहिलंच होतं. ती वही मी मागून घरी नेली.

रात्री जेवण झाल्यावर फक्त अर्धवट चाललेल्या नोंदी वेगळ्या काढल्या. "आठ ओळींचं पत्र गेलं." "तेच पत्र, रिपोर्ट जोडला, अडकलं." "लॉगिनचं पान आलं, नाव-पासवर्ड घातला, पुढचं पान नाही." "बँक नाही. तीन वेळा." "बाबांच्या आवाजाची लहान फाइल पाठवून पाहिली, अडकली. रिकामी फाइल गेली." रिकामी फाइल! त्यांनी तेही करून पाहिलं होतं. त्या ओळीवर मी थांबलो. लहान जातं, मोठं जात नाही, एवढंच ती वही सांगत होती. आणि मी पिंग करून सगळं ठीक आहे म्हणत होतो, त्या विंडोजच्या पिंगमध्ये पाठवली जाते फक्त ३२ बाइटची पुडी. माझी सगळी तपासणी बत्तीस बाइटची होती. त्या वाटेवरून खडा टाकून मी रस्ता मोकळा आहे असं सांगत होतो आणि वहिनींना त्यावरून गाडी न्यायची होती.

लॅनच्या वायरवरून एका पुडीत जास्तीत जास्त १,५०० बाइट जातात. वरचा कॉम्प्युटर तेवढ्याच मापाने पुड्या बांधायचा. पण खालून पुढे मोडेमच्या वाटेवर डायलर प्रत्येक पुडी आणखी एका पिशवीत घालतो. युजरनेम-पासवर्ड घालून जोडल्या जाणाऱ्या अशा ब्रॉडबँडची ही रीतच आहे. त्या पिशवीचं लेबल आठ बाइटचं. म्हणजे आत जागा उरते १,४९२ ची. खालच्या यंत्राला हे ठाऊक असतं, डायलर त्याच्याच अंगावर आहे, ते पुड्या आधीच लहान बांधतं आणि बाहेरच्यांनाही लहान बांधायला सांगतं. म्हणून सरांकडे सगळं उघडायचं. वरच्याला कुणीच हे सांगत नाही. उसाची ट्रॉली शिवारात भरताना रस्त्यातल्या पुलाखालची उंची कुणी सांगितली नाही, तर ती पुलापाशी जाऊनच अडकणार, तसं.

खरं तर अडकल्यावर निरोप परत यायला हवा, "एवढी मोठी चालणार नाही, लहान करून पाठवा" असा. तशी व्यवस्था इंटरनेटमध्ये आहे. पण बऱ्याच संस्थांच्या सर्व्हरपुढच्या फायरवॉल तो निरोप पिंगच्याच जातीचा म्हणून सरसकट अडवायच्या. बँकेचा सर्व्हर मग तीच मोठी पुडी पुन्हा पुन्हा पाठवत राहणार आणि वहिनींसमोर पांढरं पान. लहान पुड्या बांधणाऱ्या संस्थळांचं पान उघडणार.

चौथ्या खेपेला सकाळी दुकान न उघडता आधी विश्रामबागेत गेलो. पिंगला आकार सांगता येतो आणि "वाटेत तुकडे करायचे नाहीत" अशी अटही घालता येते. १,४७२ चा पिंग घातला. त्यात स्वतःचे २८ बाइट मिळवले की बरोबर १,५०० होतात. उत्तर नाही. मोठी आहे असा निरोपही नाही, नुसती वेळ संपली. म्हणजे खालचा डायलरही मुकाट्याने पुडी टाकून देत होता. १,४०० ला उत्तर आलं. १,४५० ला आलं. वहिनी शेजारी उभ्या राहून आकडे वहीत लिहीत होत्या. गोंधळ ऐकून सर जिना चढून आले, गणिताच्या माणसाला आकडे ऐकून खाली राहवेना. "मधला घे, मधला घे," म्हणाले. १,४६१, आलं. १,४६६, नाही. १,४६४, आलं. १,४६५, नाही.

"चौदाशे चौसष्ट अधिक अठ्ठावीस," सर म्हणाले, "चौदाशे ब्याण्णव."

कागदावर मी रात्री तोच आकडा लिहून आणला होता. त्यांना तो दाखवला नाही.

पुढचं काम पाच मिनिटांचं. एक्सपीच्या रजिस्ट्रीत प्रत्येक लॅन कार्डाचं वेगळं खातं असतं, त्यात एमटीयू, म्हणजे पुडीचं जास्तीत जास्त माप, या नावाची नोंद करायची आणि १४९२ भरायचे. भरताना एक जपावं लागतं, ती चौकट उघडते तेव्हा सोळाच्या पायावर मोजत असते, दहाच्या नाही. तसंच भरलं तर १४९२ चे ५,२६६ होतात. दहाचा पर्याय निवडला, आकडा भरला, यंत्र पुन्हा चालू केलं. बँकेचं पान उघडलं. एका झटक्यात, चित्रांसकट. वहिनींनी मग रात्रीचा अडकलेला रिपोर्ट जोडून पाठवला. निळी पट्टी सरकत शेवटापर्यंत गेली आणि मिटली. कुणी काही बोललं नाही. खालून काकूंनी हाक मारली, "झालं का रे?"

त्या दिवसाचे पैसे मी घेतले नाहीत. सरांनी खूप आग्रह केला. पण गेलेले ते शब्द परत आणता येणार नव्हते. ते वहिनींनी पुन्हा एकेक करून भरले, दिवाळीपर्यंत पुरलं ते काम.

अशी घरं नंतर बरीच आली. मिरजेत एका डॉक्टरांकडे मोडेमचा स्वतःचाच पत्ता १९२.१६८.०.१ होता, आणि विंडोजनेही तोच घेतला. एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरं. मोडेमचा पत्ता बदलला, झालं. वळवाच्या विजेने जळलेली लॅन कार्डं तर दर मे-जूनला खोक्याने. त्या सगळ्या ठिकाणी मी दुरेघी वही घेऊन जायचो आणि गिऱ्हाइकाच्या तोंडचं पहिलं वाक्य, कितीही विचित्र वाटलं तरी, आहे तसं लिहून घ्यायचो.

विश्रामबागेत २००९ साली राउटर बसवला. जिन्यातली वायर मी आणि सरांनी मिळून ओढून काढली. खालचं यंत्र आता रात्री निवांत झोपलं तरी चालणार होतं. सरांनी त्याच्या बटणाशेजारी तीन वर्षांपूर्वी चिकटवलेला कागद तसाच ठेवायला सांगितला. "बंद करू नये, वर काम चालू आहे," असं फळ्यावरच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. वर जाऊन वहिनींच्या कॉम्प्युटरची रजिस्ट्री उघडली. राउटर आता ते माप स्वतः सांभाळणार होता, त्या नोंदीची गरज नव्हती.

"काढू का?" मी विचारलं.

"काय आहे ते?"

"चौदाशे ब्याण्णव."

"राहू दे," वहिनी म्हणाल्या.